कडक उन्हात काम करताना : पहिला आठवडा आणि पहिला अर्धा तास

मार्चच्या मध्यापासून मोसमी पाऊस येईपर्यंत आपल्या देशात कोट्यवधी माणसे उघड्यावर राबत असतात. शेतात, वीटभट्टीवर, इमारतीच्या स्लॅबवर, मिठागरात, तेंदूपानांच्या जंगलात, डांबरी रस्त्यावर आणि घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या दुचाकीवर त्यांचा दिवस जातो. ‘दुपारी १२ ते ३ या वेळेत घराबाहेर पडू नये’ हा सल्ला योग्यच आहे. परंतु ज्याची मजुरी बाहेर पडण्यावरच अवलंबून आहे, त्याला हा सल्ला पुरेसा नाही. म्हणून ही पुस्तिका अशा कष्टकरी माणसांसाठी, त्यांच्या कुटुंबीयांसाठी आणि त्यांना कामावर नेणाऱ्या मुकादम-ठेकेदारांसाठी आहे.

उष्माघाताने होणारे मृत्यू बहुतांशी टाळता येतात. टाळण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक, उन्हातल्या कामाचा पहिला आठवडा. दुसरी, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागल्यानंतरचा पहिला अर्धा तास. पाणी, कपडे, आहार यांचे महत्त्व आहेच, आणि पुढे ते सांगितलेही आहे. पण वाचकाने या पुस्तिकेतील दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या ठरवल्या, तर त्या या दोन असाव्यात.

उष्णता बाहेरून येते, तशी आतूनही

ऊन लागते म्हणजे सूर्य शरीराला तापवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. विसावलेल्या माणसाच्या शरीरात सुमारे १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. तोच माणूस कुदळ चालवू लागला, घमेली वाहू लागला किंवा चढावर भरलेली हातगाडी ओढू लागला, की ही उष्णता चार-पाच पटींनी वाढते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेली सारी उष्णता होऊन शरीरातच राहते. म्हणूनच झाडाखाली बसलेला म्हातारा आणि त्याच शेतात नांगरट करणारा तरुण यांच्यापैकी तरुणाला धोका नाही, असे समजू नये. घरात बसलेल्या वृद्धाला उष्माघात दोन-तीन दिवसांत हळूहळू गाठतो. राबणाऱ्या तरुणाला तो काही तासांत गाठू शकतो.

ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराचे मुख्य साधन म्हणजे घाम. मात्र नुसता घाम येऊन शरीर थंड होत नाही. तो त्वचेवरून सुकला, तरच उष्णता सोबत घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. हवा दमट असली, म्हणजे घाम सुकत नाही. तो नुसता निथळतो. पाणी आणि मीठ वाया जाते, गारवा मात्र मिळत नाही. चेन्नई, कोलकाता, ओडिशाचा किनारा किंवा कोकण येथे ३६ अंशांना जीव कासावीस होतो आणि विदर्भातल्या कोरड्या ४२ अंशांना माणूस सावलीत जरा तरी तग धरतो, याचे कारण हे आहे.

घामाबरोबर हृदयावरही भार येतो. उष्णता त्वचेपर्यंत पोहोचवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते आणि त्याच वेळी राबणाऱ्या स्नायूंनाही रक्त हवे असते. पाणी कमी पडल्याने रक्ताचे प्रमाणच घटले, की हृदय अधिक वेगाने धावू लागते. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांच्या बाबतीत उन्हाळ्याच्या दिवसांत हृदयविकाराचा झटका म्हणून नोंदला गेलेला प्रसंग मुळात उन्हाचाच असू शकतो.

पाऱ्याचा आकडा वाचताना

हवामान विभाग जे तापमान सांगतो, ते उन्हातले नसते. तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चारएक फुटांवर ठेवलेला असतो. तापलेल्या स्लॅबवर, लोखंडी सळयांमध्ये, भट्टीच्या तोंडाशी किंवा गरम डांबराजवळ उभ्या असलेल्या माणसाला लागणारी झळ त्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक असते. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेही सावलीतलेच.

कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर पोहोचले आणि ते तेथील त्या काळच्या सरासरी कमाल तापमानापेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक चढले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. पारा ४५ अंशांवर गेला तर सरासरीचा विचार न करताही लाट धरली जाते. इशारा पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत दिला जातो. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी जड काम पुढे ढकलावे किंवा पहाटे उरकावे. पण इशारा नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ घेऊ नये. मार्चमधला ऋतूतला पहिलाच ३८ अंशांचा दिवस अंगवळणी न पडलेल्या शरीराला मे महिन्यातल्या ४२ अंशांपेक्षा जड जाऊ शकतो.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि पुढे अनेक राज्यांनी व शहरांनी तो कित्ता गिरवला. आपल्या जिल्ह्याचा असा आराखडा आहे का, याची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अवश्य करावी.

घड्याळाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. देशभर घड्याळ एकच असले, तरी सूर्य सर्वत्र एकाच वेळी माथ्यावर येत नाही. आसामच्या पूर्व भागात तो अकरा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात माथ्यावर येतो. कच्छमध्ये त्याला पाऊण वाजण्याच्या सुमारास वेळ मिळते. त्यामुळे पूर्वेकडे जड काम दहाच्या आत आटोपणे शहाणपणाचे, तर पश्चिमेकडे दुपारचा ताप चार वाजल्यानंतरही रेंगाळतो. घड्याळ नसेल तर आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीहून आखूड झाली, की थेट उन्हातले जड काम थांबवण्याची वेळ आली. दुपारनंतर मात्र सावली लांबली म्हणून लगेच कामाला लागू नये, कारण हवा आणि जमीन यांचा ताप सूर्य कलल्यावरही बराच वेळ उतरत नाही.

पहिला आठवडा

शरीर उन्हाला सरावते, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होते. ते कसे, हे आता नेमके ठाऊक आहे. रोज थोडा वेळ उन्हात काम केल्यास सात ते चौदा दिवसांत शरीरात बदल घडतात. घाम लवकर सुटू लागतो आणि अधिक येतो. त्यातून जाणारे मीठ कमी होते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. हे सारे होण्याआधी पूर्ण दिवसाचे काम अंगावर घेणे, हा उन्हाळ्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. कामावर असताना उष्माघाताला बळी पडणाऱ्यांत पहिल्याच काही दिवसांतले कामगार फार मोठ्या संख्येने असतात.

म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातले काम नेहमीच्या पाचव्या हिस्स्याइतकेच द्यावे आणि पुढे दररोज तेवढेच वाढवत न्यावे. आठ तासांच्या पाळीत हा हिसाब पहिल्या दिवशी सुमारे दीड तासाचा होतो. उरलेला वेळ त्याला सावलीतली कामे सांगता येतात. पूर्वी हेच काम केलेला, पण मध्यंतरी सुटीवर गेलेला माणूस पहिल्या दिवशी निम्म्या कामापासून सुरुवात करू शकतो आणि चौथ्या दिवशी पूर्ण कामावर येऊ शकतो.

‘नवा’ कोणास म्हणावे, हा खरा प्रश्न आहे. डोंगराळ मुलखातून मैदानात आलेला मजूर नवा. गावी लग्नकार्यासाठी आठवडाभर जाऊन आलेला जुना गवंडीही नवाच, कारण सवय आठवड्याभरात ओसरू लागते. ताप किंवा जुलाबातून उठलेला नवा. वर्षभर कचेरीत बसून मे महिन्यात आंब्याच्या बागेत किंवा घराच्या बांधकामावर स्वतः राबायला उतरलेला मालकही नवाच. पारा एकाएकी चार-पाच अंशांनी चढला, तर त्या दिवशी सगळेच नवे समजावेत.

येथे ठेकेदाराची अडचण आम्हांस ठाऊक आहे. काम अंगावर घेतलेले असते आणि पहिल्या दिवशी दीड तासाच्या कामाची पूर्ण मजुरी देणे जिवावर येते. मजुराचीही अडचण आहे. पहिल्याच दिवशी ‘दमलो’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी बोलावणे येणार नाही, ही भीती त्याला असते. नव्या जागी आपली ताकद दाखवण्याच्या भरात तरुण पोरे पाणी प्यायलाही थांबत नाहीत. त्यामुळे हा निर्णय मजुरावर सोपवणे न्याय्य नाही. तो मुकादमाने घ्यावा आणि सर्वांसमोर सांगावा. नव्या माणसाबरोबर एक जुना जोडीदार द्यावा. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवावे. उष्णतेने डोके काम करेनासे होते, तेव्हा ते ज्याचे त्याला कळत नाही, शेजारच्याला कळते.

पाणी, मीठ आणि लघवीची सोय

जड कामात तासाला एक ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. तहान या नुकसानाच्या मागे असते. ती लागेपर्यंत शरीर कोरडे पडू लागलेले असते. म्हणून दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर, पाणी प्यावे. तासाला हे पाऊण लिटर होते. एकदम तांब्याभर पाणी घशाखाली ओतण्यापेक्षा हे थोडे थोडे पिणे अंगी लागते. तासाला दीड लिटरहून अधिक पाणी मात्र पिऊ नये, कारण त्याने रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दहा माणसांच्या टोळीला दिवसाचे पन्नास ते साठ लिटर पिण्याचे पाणी लागते, हा हिशेब मुकादमाने सकाळीच करावा. रांजण कामापासून दूर असेल, तर माणसे पाण्याला जात नाहीत. तो कामाच्या जागी, सावलीत आणि ओल्या बारदानात गुंडाळून ठेवावा.

नेहमीचे जेवण नीट होत असेल, तर बहुतेकांना लागणारे मीठ भाकरी-भाजीतूनच मिळते. अनेक तास घाम गळत असेल, तर मधून मधून मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-पाणी, कोकम सरबत, नाचणीची आंबील किंवा सत्तूचे सरबत घ्यावे. पायांत गोळे येणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसली तर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घ्यावी. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी आणि चोवीस तासांनंतर उरलेले द्रावण टाकून द्यावे. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाळावे. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात पुड्या मिळतात. फळांच्या स्वादाची गोड पेये ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत. मिठाच्या गोळ्या घेऊ नयेत. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकारामुळे ज्यांना पाणी वा मीठ मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून आपले प्रमाण ठरवून घ्यावे.

पुरेसे पाणी पोटात जाते की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळी असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद झाली किंवा सकाळपासून दुपारपर्यंत लागलीच नाही, तर पाणी कमी पडते आहे.

आता ज्या गोष्टीविषयी फारसे बोलले जात नाही, तिच्याविषयी. बांधकामावर, रस्त्यावर आणि शेतात काम करणाऱ्या अनेक स्त्रिया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. पाळीच्या दिवसांत तर त्या घोटभरही घेत नाहीत. या स्त्रियांना ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगणे म्हणजे त्यांची अडचण न ऐकणे होय. पाणी तोडल्याने मूत्रमार्गाचे जंतुसंसर्ग वाढतात, मुतखडे होतात आणि उष्माघाताचा धोका सरळ वाढतो. कामाच्या जागी स्वच्छतागृह हवे. तोवर निदान चार बांबू व ताडपत्रीचा बंद आडोसा, पाण्याची बादली आणि आतून लावता येईल अशी कडी हवी. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यानेही कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी यांची सोय सांगितली होती. टोळीतील स्त्रियांनी ही मागणी एकेकटीने न करता मिळून करावी. तान्ह्या बाळाला सोबत नेणाऱ्या मातांनी झोळीवर जाड कापड पांघरू नये. आतली हवा कोंडून तापते. झोळी झाडाच्या दाट सावलीत वाऱ्याला बांधावी. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देऊ नये, अंगावर वारंवार पाजावे आणि आईने स्वतः अधिक पाणी घ्यावे.

दिवसभराच्या कष्टाने अंग ठणकते, म्हणून संध्याकाळी दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांना इजा करतात. रोज हेच चालले, तर ही इजा कायमची होऊ शकते. दारूने लघवी वाढते आणि दुसऱ्या दिवशीचे काम कोरड्या शरीराने सुरू होते. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, सर्दीच्या आणि मानसिक आजारांवरील काही औषधांमुळेही उष्णता सहन करण्याची शक्ती कमी होते. ती औषधे मनाने बंद करू नयेत. उन्हात काम करतो, हे डॉक्टरांना सांगावे.

अंगावरचे कपडे, रात्रीची झोप

सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा उघड्या अंगापेक्षा बरा. डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा ओला पंचा असावा. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे म्हणतात. त्याने अपाय होत नाही, पण उपायही होत नाही. कांदा जेवणात खावा आणि खिशात पाण्याची बाटली बसत नसेल, तर ती कमरेला बांधावी.

विश्रांती सावलीतच व्हावी. लाटेच्या दिवसांत जड कामात दर तासाला दहा-पंधरा मिनिटे तरी टोळीने एकत्र बसावे. ही विश्रांती रात्रीही हवी. पत्र्याच्या खोलीत रात्रभर उकडत राहिलेले शरीर सकाळी आदल्या दिवसाचा ताप घेऊनच कामावर येते. पत्र्यावर चुन्याचा पांढरा थर द्यावा, छपरावर गवत किंवा तट्टे अंथरावे, खिडकीला वाळ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा पडदा लावावा. झोपण्यापूर्वी अंगावर पाणी घेतल्यास झोप लागते. कामावरून आलेल्या माणसाला घरच्यांनी आधी पाणी द्यावे आणि त्याचे बोलणे ऐकावे. तो चिडचिडा झाला असेल, जेवण नको म्हणत असेल, डोके धरून पडून राहत असेल, तर तो आळस नव्हे.

कोणत्या लक्षणाला थांबावे

घामोळे आणि स्नायूंत येणारे गोळे या पहिल्या पायरीच्या तक्रारी. त्यानंतर थकवा, डोकेदुखी, मळमळ, उलटी, गरगरणे, भरपूर घाम आणि जलद नाडी, ही उष्णतेने आलेल्या गळाठ्याची लक्षणे होत. या वेळी माणूस शुद्धीवर असतो आणि नीट बोलतो. त्याला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा आणि ओआरएस घोट घोट पाजावी. अर्ध्या तासात बरे वाटले नाही, तर दवाखान्यात न्यावे. बरे वाटले, तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात कामाला लावू नये.

उष्माघाताची खूण वेगळी आहे आणि ती मेंदूत दिसते. शांत माणूस एकाएकी शिवीगाळ करू लागतो. सरळ चालणारा झोकांड्या खातो. हातातले काम विसरतो, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतो, बरळतो, झटके येतात किंवा बेशुद्ध पडतो. शरीराच्या आतले तापमान तेव्हा बहुधा ४० अंश किंवा त्याहून अधिक असते. काखेत तापमापक लावून वाट पाहू नये, कारण घामाने ओल्या काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमी येतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : तुझे नाव काय, आज वार कोणता, आता आपण कोणते काम करत होतो. उन्हात राबणारा माणूस यांत अडखळला, तर उष्माघात समजूनच पुढे जावे.

‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा गैरसमज जीवघेणा ठरतो. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत त्वचा कोरडी पडलेली आढळते, हे खरे. पण राबता राबता कोसळलेल्या माणसाचे अंग पुष्कळदा घामाने चिंब असते. तो दारू प्यायला असेल, असे म्हणून त्याला बाजूला निजवून ठेवणे हाही असाच घातक प्रकार आहे.

पहिला अर्धा तास

आतला ताप ४० अंशांवर जितका वेळ राहील, तितकी मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू यांची हानी वाढत जाते. म्हणून नियम असा : आधी थंड करावे, मग हलवावे. जीपमध्ये घालून तासभर दूरच्या रुग्णालयाकडे धावणे, हा तो तास गमावणे होय.

एकाने लगेच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्याच वेळी इतरांनी रुग्णाला सावलीत न्यावे, जोडे आणि वरचे जाड कपडे काढावेत. स्त्री रुग्ण असेल, तर पातळ कपडे अंगावर राहू द्यावेत आणि त्यांवरूनच पाणी ओतावे. संकोचापायी उपचार थांबवू नये. त्यानंतर मिळेल तितके थंड पाणी डोक्यापासून पायांपर्यंत सतत ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. शेतातील पंपाचे पाणी उत्तम, पण उन्हात पडलेल्या नळीतले पहिले पाणी भाजण्याइतके तापलेले असते. ते वाहून जाऊ द्यावे, हाताला गार लागू लागले की वापरावे.

कामावर ताडपत्री बहुधा असतेच. ती पसरून रुग्णाला तिच्यावर निजवावे. पाच-सहा जणांनी कडा उचलून धराव्यात, म्हणजे ती खोलगट होते. तीत पाणी आणि मिळाल्यास बर्फ ओतून ते अंगाभोवती हलवत राहावे. एकाने डोके दोन्ही हातांत धरून नाक-तोंड पाण्यावर ठेवावे. या माणसाने दुसरे कोणतेही काम करू नये. धडधाकट कामकऱ्याला थंड करण्याचा हा फार वेगवान मार्ग आहे. थंड पाण्याने धक्का बसेल, या भीतीने थांबू नये. वृद्ध किंवा हृदयरोगी असेल, तर पाण्यात बुडवण्यापेक्षा अंग ओले ठेवून वारा घालणे बरे. बर्फ थोडाच असेल, तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा.

पूर्ण शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसांत जाते. उलटी होत असेल, तर कुशीवर वळवावे. झटका आला, तर तोंडात चमचा, बोट काहीही घालू नये आणि नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये. पॅरासिटॅमॉल किंवा ॲस्पिरिन देऊ नये. तापावरील ही औषधे या उष्णतेवर चालत नाहीत आणि हानी मात्र करू शकतात. श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा माणूस स्पष्ट बोलू लागेपर्यंत थंड करणे चालू ठेवावे. शुद्ध आल्यावरही दवाखान्यात नेलेच पाहिजे. रुग्णवाहिका मिळणारच नसेल, तर भरपूर पाणी ओतून झाल्यावर निघावे आणि वाटेत गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून, अंग ओले करत जावे.

दवाखान्यात सोबतच्या माणसाने चार गोष्टी सांगाव्यात : तो किती वेळ आणि कसले काम करत होता, बोलण्या-वागण्यातला बदल किती वाजता दिसला, थंड करायला केव्हा सुरुवात केली आणि तो कोणती औषधे घेतो. घरी आल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी दिसली किंवा अगदी कमी झाली, तर त्याच दिवशी परत न्यावे. स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असू शकते. रुग्णालयातून सुटल्यावर किमान आठवडाभर तरी त्याला कामावर बोलावू नये. रक्ततपासणीत यकृत व मूत्रपिंडे पूर्ववत झाल्याचे पाहून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो कामावर येईल. मग तो कितीही जुना कारागीर असो, मुकादमाने त्याला नवा माणूस समजावे आणि पहिल्या दिवशी पाचव्या हिस्स्याचेच काम द्यावे.